सायला, मूक जनुके आणि नॅनोकण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची नागपुरी संत्र्याची ७ वर्षांची बाग आहे. अंबिया बहाराच्या नवतीवर (कोवळ्या पालवीवर) सायला ही रस शोषणारी बारीक कीड दिसली की आम्ही इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक फवारतो. दोन हंगामांपासून ते लागू पडत नाही, म्हणून थायामेथोक्झाम घेतले, तरीही फरक पडला नाही. नॅनो तंत्रज्ञानाने किडीचे जनुकच बंद करणारी फवारणी येत आहे, असे एका मेळाव्यात ऐकले. तिच्यामुळे आमचे जुने औषध पुन्हा चालेल का?
— एक संत्रा बागायतदार, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : प्रयोगशाळेत हे साधले आहे, बागेत वापरता येईल इतके ते अजून पुढे आलेले नाही. आपण औषध बदलले खरे, परंतु ही दोन्ही औषधे निओनिकोटिनॉइड या एकाच गटातील असून दोन्हींचा मारा किडीच्या मज्जासंस्थेतील एकाच जागी होतो. प्रतिकारक्षम झालेल्या सायलाच्या शरीरात विषाचे विघटन करणारी विकरे (एन्झाइम), विशेषतः सायटोक्रोम पी-४५० या कुळातील विकरे, नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त तयार होतात आणि औषध मज्जातंतूंपर्यंत पोहोचण्याआधीच निकामी होते.

ही विकरे तयार करण्याचा निरोपच अडवता आला तर, हा जनुक मूक करण्यामागचा विचार आहे. जनुकाचा निरोप पेशीत पोहोचवणारा रेणू म्हणजे संदेशवाहक आरएनए. पेशीत दुपदरी (दोन धाग्यांचा) आरएनए शिरला की पेशी त्याचे सुमारे २१ अक्षरांचे तुकडे करते आणि त्या तुकड्यांशी जुळणारा स्वतःचा संदेशवाहक आरएनए नष्ट करते. जनुक जागेवरच राहते, पण त्याच्या हुकमाप्रमाणे विकर तयार होत नाही. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी ही क्रिया १९९८ मध्ये एका सूत्रकृमीत उलगडून दाखवली आणि २००६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे २०१४ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी, आपल्या बागेत आहे त्याच जातीच्या सायलाच्या अंगावर असा आरएनए लावून पी-४५० कुळातील ५ जनुके मूक केली, तेव्हा इमिडाक्लोप्रिडने मरणाऱ्या किडींचे प्रमाण वाढले. आपल्या प्रश्नाला याहून जवळचा पुरावा मला ठाऊक नाही. हे काम फ्लोरिडातच झाले यामागे मोठे दुःख आहे. सायलामार्फत पसरणारा, संत्रावर्गीय झाडे खंगवणारा ग्रीनिंग हा जिवाणूजन्य रोग तेथे २००५ मध्ये आढळला आणि २००३-०४ च्या हंगामात सुमारे २४ कोटी पेट्या असलेले संत्र्याचे उत्पादन आता २ कोटी पेट्यांच्याही खाली आले आहे. हा रोग आपल्याकडेही असल्यामुळे सायलाकडे केवळ रस शोषणारी कीड म्हणून पाहणे मला धोक्याचे वाटते.

मात्र किडीच्या अंगावर थेंब ठेवणे वेगळे आणि झाडावर फवारणे वेगळे. उघडा आरएनए उन्हात आणि पावसात टिकत नाही, आणि सायलासारख्या रस शोषणाऱ्या किडींच्या लाळेत व आतड्यात त्याला तोडणारी विकरे असतात. नॅनोकणांचा, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा, उपयोग येथे होतो. कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा पदार्थ) किंवा विशिष्ट प्रकारची थरदार माती यांच्या सूक्ष्म कणांना आरएनए चिकटवला, तर तो जास्त दिवस टिकतो आणि पेशीत शिरणेही सोपे होते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २०१७ मध्ये मातीच्या अशा कणांवर बसवलेला आरएनए तंबाखूच्या पानांवर एकदाच फवारून २० दिवसांपर्यंत विषाणूपासून संरक्षण मिळवले. तो प्रयोग किडीवरचा नव्हता, हे येथे मुद्दाम सांगतो. त्यामुळे ‘नॅनो’ असे लिहिलेली कोणतीही बाटली घेण्याआधी तिच्यावर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक आहे का आणि त्यात संत्र्यावरील सायलाचा उल्लेख आहे का, हे अवश्य पाहावे.

तोपर्यंत एक गोष्ट आधी तपासावी, कारण औषध लागू न पडण्याचे कारण दरवेळी प्रतिकारच असते असे नाही. मादी केवळ कोवळ्या नवतीवर अंडी घालते आणि पिले मिटलेल्या शेंड्यात दडून राहतात. फवारा आठवडाभर उशिरा झाला तर पुष्कळ पिढी हातची निसटते. यंदा नवती फुटू लागतानाच शिफारस केलेले वेगळ्या गटातील औषध घ्यावे आणि त्याच गटाचा लगेच दुसरा फवारा टाळावा. बांधावरच्या गोडनिंबाचीही पाहणी करावी, कारण सायला त्यावरही वाढते. टॅमॅरिक्सिया ही बारीक गांधीलमाशी सायलाच्या पिलांवर जगते. १९७० च्या दशकात भारतातून रीयुनियन बेटावर नेल्यावर तिने तेथील सायला आटोक्यात आणली होती. सरसकट फवाऱ्यांनी आपण हा मित्रकीटक गमावतो, याची मला फार खंत वाटते.

प्रश्न : आरएनएच्या फवाऱ्यालाही कीड प्रतिकारक्षम होऊ शकते का?
— कृषी पदवीची विद्यार्थिनी, अकोला

उत्तर : होय. बटाट्यावरील कोलोरॅडो भुंगेऱ्यासाठी लेडप्रोना नावाच्या आरएनए फवाऱ्याला अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मान्यता मिळाली; त्याआधीच, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आरएनएच्या माऱ्यातून वाचलेल्या याच भुंगेऱ्यांची ९ वेळा निवड करताच प्रतिकारक्षम वाण तयार झाले होते. आणखी चिंतेची बाब अशी की ते वाण दुसऱ्या जनुकासाठी बनवलेल्या आरएनएलाही दाद देत नव्हते, म्हणजे केवळ लक्ष्य जनुक बदलून भागणार नाही. म्हणून असा फवारा बागेत आला, तरी तो इतर गटांच्या औषधांशी पाळीपाळीनेच वापरावा लागेल.