लाकडी बेसमेंट करतोयस? आधी पाण्याचं बघ

भावा, तळघराच्या भिंती लाकडाच्या करतोयस, पण लाकडाची चिंता नंतर कर, आधी पाणी कुठून निघून जाणार ते ठरव. भिंतीखाली काँक्रीटऐवजी धुतलेल्या खडीचा थर असतो ना, तोच पाया आणि तोच निचरा, त्यात माती मिसळली की संपलं, म्हणून मूठभर खडी बादलीत टाकून बघ, पाणी गढूळ झालं तर ती खडी घेऊच नकोस. तिथलं पाणी पाइपने संपमध्ये (पाणी गोळा व्हायचा खड्डा) आणि पुढे बाहेर गेलंच पाहिजे. लाकूड-प्लायवूड फाउंडेशन ग्रेडचं (पायासाठीच बनवलेलं) प्रेशर ट्रीटेडच, म्हणजे दाबाने कुजरोधक औषध मुरवलेलंच घे, खिळे स्टेनलेसचे, कापलेल्या टोकांना प्रिझर्व्हेटिव्ह (तेच कुजरोधक औषध) लाव, बाहेरून 6 मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटर नव्हे) पॉलिथिन. आणि प्लीज, खालची फरशी अन् वरचा फ्लोअर पक्का बसल्याशिवाय बाहेरून माती भरू नकोस, दाबाने भिंत आत झुकते, मी डोळ्यांनी बघितलंय.