अठ्ठेचाळीस हजारांचा इक्वलायझर घ्यावा का?

प्रश्न : मी अमळनेरला शिक्षक आहे, वय ४३. हातात पगार ५८,००० येतो. घराचा हप्ता १७,५००, घरखर्च २४,००० आणि एसआयपी ५,०००. बचत खात्यात ६०,००० आहेत. मुलगी बारावीला आहे. घरी ५० वॉटचा अँप्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर आहेत, गाणी बहुतेक लॅपटॉपवरूनच लावतो. हॉल १२ बाय १६ फूट, खाली फरशी. बेस (खालचे जाड स्वर) घुमतो, शब्द नीट कळत नाहीत. ४८,०००चा डिजिटल इक्वलायझर (जाड-बारीक स्वर वेगवेगळे कमी-जास्त करणारं यंत्र) क्रेडिट कार्डावर १२ हप्त्यांत घ्यावा म्हणतो. बायको म्हणते, ‘तुमनं डोकं फिरनं का?’

उत्तर : सर, डोकं फिरलेलं नाही. संध्याकाळी दोन तास निवांत गाणी ऐकण्याचा शौक असलेल्या माणसाला मी कधी उधळ्या म्हणणार नाही. पण हा हप्ता आत्ता बांधू नका.

आधी हिशोब. कार्डावर १५ टक्के दर धरला तर हप्ता ४,३३२ रुपये बसतो. वर्षाचं व्याज जवळजवळ ४,००० आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. म्हणजे वस्तू पडली पावणेत्रेपन्न हजारांना, प्रोसेसिंग फी सोडून. तुमच्या हाती महिन्याला ११,५०० उरतात, त्यामुळे हप्ता झेपेल. अडचण दुसरीच आहे. घराचा हप्ता धरून तुमचा महिन्याचा खर्च आत्ताच ४१,५०० आहे. तीन महिन्यांची तजवीज म्हणजे सव्वा लाख, आणि खात्यात आहेत साठ हजार. त्यात जूनमध्ये मुलगी पुण्या-नाशकाला गेली, तर होस्टेलचं डिपॉझिट आणि पहिली फी एकदमच समोर येईल.

आता वस्तूकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. पूर्वी मीही भुसावळहून एक ग्राफिक इक्वलायझर आणला होता. लाल-हिरव्या लाइटा नाचायच्या आणि पाहुणे खूश व्हायचे. दोन्ही टोकांचे, म्हणजे जाड आणि बारीक स्वर वर, मधले खाली असं लावून ठेवलं, ते कधी हललंच नाही. आवाज सुधारला की नुसता वाढला, हे आजही सांगता येणार नाही.

तुमचा बेस घुमवते ती खोली. सोळा फुटांच्या लांबीत साधारण ३५ हर्ट्झचा (सेकंदाला ३५ कंपनांचा) आणि बारा फुटांच्या रुंदीत ४७ हर्ट्झचा आवाज भिंतींमध्ये अडकून फुगतो. भिंतीलगत तो सगळ्यात जास्त, आणि सोफा बहुधा तिथेच टेकवलेला असणार. तो दोन फूट पुढे ओढून ऐका. खर्च शून्य.

शब्द न कळण्याचं कारण वेगळं. हॉलमध्ये मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मागून झर्रकन खणखणीत आवाज आला, तर तो फरशी आणि उघड्या भिंतींचा आहे. तो कुठल्याही इक्वलायझरने जात नाही. जाड सतरंजी, पडदे, मागच्या भिंतीला एखादी गादी यांनी तो कमी होतो. कापसाच्या मुलखात राहता, गादीवाल्याकडून चार इंच जाडीची भरून घ्या. तीन-चार हजारांत काम होईल. घुमणाऱ्या बेसला मात्र गादी फारशी आवरत नाही, तिथे इक्वलायझर खरंच उपयोगी आहे. फुगलेला आवाज तो नेमका कापतो.

पण तुम्ही लॅपटॉपवरून गाणी लावता ना? मग हेच काम फुकटात होतं. विंडोजवर ‘इक्वलायझर एपीओ’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, ते लॅपटॉपमध्येच इक्वलायझरचं काम करतं. खोलीतला आवाज तपासायचं ‘रूम ईक्यू विझार्ड’ही मोफत, त्यातून हळू आवाजात ३० ते ८० हर्ट्झचे स्वर एकेक वाजवा आणि कुठे घुमतं ते लिहून काढा. तेवढेच एपीओमध्ये कापा. जिथे बेस गायब वाटतो तिथे वाढवत बसू नका. खोलीने खाल्लेला आवाज वाढवून परत येत नाही, आणि १० डेसिबल वाढवायला दहापट ताकद लागते. तुमचे ५० वॉट ५०० कुठून देणार? मग स्पीकरच्या कॉइल जळतात आणि नवा खर्च निघतो.

दोन महिने असं ऐका. तोवर महिन्याला उरणाऱ्या ११,५०० मधून ७,००० आणीबाणीच्या खात्यात टाका आणि ४,००० ची वर्षाची आरडी उघडा. साडेसहा टक्के दर धरला, तर वर्षाअखेर पन्नास हजारांच्या जरा खाली होतील. तेव्हाही हौस टिकली असेल तर रोखीने घ्या, वहिनींना मी समजावतो. होस्टेल लागलं, तर आरडी तिकडे वळवा आणि इक्वलायझर एक वर्ष पुढे.

एक गोष्ट मात्र आजच पाहा. अँप्लिफायरच्या मागे टॉर्च मारून ‘टेप मॉनिटर’ किंवा ‘प्री आउट – मेन इन’ असं लिहिलंय का ते बघा. नसेल, तर टीव्ही, सीडी सगळ्यांसाठी मिळून एकच इक्वलायझर मध्ये जोडायला जागा नाही, आणि दुकानदार नवा अँप्लिफायरही गळ्यात मारेल.