आधी शिकायचं ध्येय ठेव

स्पर्धा परीक्षेच्या वहीच्या पहिल्या पानावर तू लाल पेनानं ‘यंदा पोस्ट काढायचीच’ असं लिहिलंयस, ते पाहिलं. जिद्द हवीच. पण सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे त्या वाक्यातून कळत नाही. एडविन लॉक या मानसशास्त्रज्ञानं १९६८ साली मांडलं, की ‘जमेल तितकं करा’ म्हणण्यापेक्षा नेमकं आणि अवघड ध्येय दिलं की माणसाच्या हातून जास्त काम होतं. नंतरच्या संशोधनात एक मेख निघाली: विषयच नवा असेल तर निकालाचं ध्येय उलट दडपण आणतं, तिथे शिकण्याचं ध्येय ठेवावं. म्हणून पहिले तीन महिने कट-ऑफ विसर. ‘या आठवड्यात शेकडेवारीच्या तीन रीती पक्क्या करायच्या’ एवढंच लिही.

दुसरं, वेळ आणि जागा बांधून टाक. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञानं अशा ‘जर-तर’च्या बेतांचा, म्हणजे ‘अमुक झालं की तमुक करायचं’ हे आधीच ठरवण्याचा, अभ्यास केलाय. ऐरोलीला कामावरून सुटल्यावर तू लोकलमध्ये पेंगतोस आणि ठाणे येईपर्यंत ‘आज राहू दे’ ठरलेलं असतं. तर असं लिही: ‘ठाण्याला उतरलो, की घरी न जाता थेट अभ्यासिकेत, खिडकीजवळच्या टेबलावर, मोबाइल बॅगेत.’ मीही नोकरी सांभाळून असंच केलं. त्याआधीची दोन वर्षं नुसती वेळापत्रकं आखण्यात गेली, त्याची हळहळ अजून वाटते रे.

रविवारी वही घेऊन ये, पहिला आठवडा आपण मिळून आखू.