‘मीअँडर’ म्हणजे भटकणे?

‘मीअँडर’ हे इंग्रजी क्रियापद नदीलाच लावतात की माणसालाही, आणि मराठीत ‘भटकणे’ चालेल का, असा प्रश्न आला आहे.

दोघांनाही लावतात, बोलण्यालाही. मूळ मात्र नदीचे, तेही एकाच नदीचे. तुर्कस्तानच्या नैर्ऋत्येला ब्युयुक मेंदेरेस नावाची नदी एजियन समुद्राला मिळते. प्राचीन ग्रीक तिला मायआन्द्रोस म्हणत. ती इतकी वळणावळणाची, की कुठल्याही वाकड्यातिकड्या गोष्टीला ग्रीक तिचेच नाव देऊ लागले. हे सुमारे २००० वर्षांपूर्वी स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकाराने लिहून ठेवले आहे. त्याने ऐकलेली आणखी एक गोष्ट त्याहून झकास. नदीने काठ खाऊन जमिनीच्या हद्दी बदलल्या की लोक चक्क नदीवरच दावा लावत. नदी हरली, तर दंड होडीने ती ओलांडणाऱ्यांकडून घेतलेल्या पैशांतून वसूल होई! बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जाणाऱ्या आपल्या भाऊबंदांना ही तोड सुचली नाही.

लॅटिनमार्गे हा शब्द १६व्या शतकात इंग्रजीत आला, आधी नाम म्हणून. क्रियापद मागाहून झाले. ग्रीक भांड्यांच्या काठावर काटकोनात वळत जाणारी नक्षी असते, तीही ‘मीअँडर’च.

भूगोलात नदीच्या ‘मीअँडर’ला नागमोडी वळण म्हणतात. बाहेरच्या काठाशी पाण्याला जोर असतो, म्हणून तो काठ झिजतो. आतल्या काठाशी गाळ साचतो. त्यामुळे वळण वाढतच जाते. दोन वळणे अगदी जवळ आली, की नदी मधली जमीन फोडून सरळ वाट काढते आणि मागे नालाकृती सरोवर राहते. पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिथे ती चंद्रभागा.

आता ‘भटकणे’. मला ते पुरेसे वाटत नाही. भटकणाऱ्याला ठावठिकाणा नसतो किंवा तो वाट तरी चुकलेला असतो. ‘उंडारणे’ म्हटले तर त्यात आईचा राग ऐकू येतो. ‘मीअँडर’ करणारा वाकडा जातो, रेंगाळतो, पण पुढे सरकत राहतो. त्यामुळे माणूस बाजारातून ‘रमतगमत’ जातो, रस्ता ‘वळणे घेत’ जातो. वक्ता ‘मीअँडर’ करू लागला, तर तो ‘पाल्हाळ लावतो’ असे म्हणावे. तिथे मात्र ‘भरकटला’ही चालेल, कारण त्या वापरात शब्दाला नापसंतीची छटा असते.