यादीतलं खोडलेलं नाव

"मावशी, मी गिरगावातल्या चाळीत वाढलेली. आठ महिन्यांपूर्वी लग्न करून राजस्थानातल्या एका जुन्या संस्थानिक घराण्यात आले. नवऱ्याची पूर्वीची मैत्रीण इथल्या हॉटेलचा सगळा कारभार बघते आणि रोज आमच्या टेबलावर जेवते. माझ्या वाढदिवसाच्या यादीतून मी तिचं नाव खोडलं, नवऱ्याने ते पुन्हा लिहिलं. आता समजूत काढायला काकासाहेब येतात. आईशी फोनवर मराठीत बोलले तरी सासूबाईंचं तोंड वाकडं होतं. गोड बोलून राहू, की परत येऊ? परत आले तर हरले असं होईल का? – नावापुरती राणीसा"

राणीसा,

तुझ्या पत्रातल्या त्या यादीपाशी मी अडखळले. १६६२ साली लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात अशीच एक यादी एका परदेशी सुनेपुढे आली होती. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन, वय २३, नवरा इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स. तिचं नाव तुझ्या कानावरून गेलं नसेल, पण तू ज्या बेटावर वाढलीस ते तिचं आंदण. १६६१ च्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्रजांना मिळाली, आणि १६६८ मध्ये राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. माहेरच्यांनी किती केलं याचा हिशेब तू मनात ठेवत असशील, तर आत्ताच सोडून दे.

यादी होती राणीच्या महालातल्या मानकरी स्त्रियांची, आणि तीत राजाची प्रेयसी बार्बरा, म्हणजे लेडी कॅसलमेन. कॅथरीनने नाव खोडलं. राजाने भर दरबारात बार्बराला हाताला धरून समोर आणलं. नाव नीट कळलं नव्हतं तोवर राणी हसून भेटली, आणि कळल्यावर तिच्या नाकातून रक्त आलं, ती कोसळली. बायकोने चारचौघांत आपली शोभा केली, असं वाटून राजाच उलट चिडला! (हे वाक्य लिहिताना तुझ्या नवऱ्याची आठवण झाली, माफ कर.) मग प्रधान क्लॅरेंडनला समजूत घालायला पाठवलं. त्याला स्वतःला तो प्रकार पसंत नव्हता, तरी तो गेला. तुमचे काकासाहेबही बहुधा असेच असतील.

यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. राजाने तिची पोर्तुगीज माणसं जवळजवळ सगळी परत धाडली. तिला इंग्रजी येत नव्हतं, त्याला पोर्तुगीज येत नव्हतं, दोघं स्पॅनिशवर भागवत. मन मोकळं करायला कोणी उरलंच नाही. मग एक दिवस ती अचानक सगळं सोडून बार्बराशी हसूबोलू लागली. त्याने तिचा मान वाढला नाही. ज्यांना तिची कणव होती त्यांनाही ते रुचलं नाही, आणि राजाच्या नजरेतून ती उतरली, असं क्लॅरेंडनच लिहून गेलाय. म्हणून तुझ्या "गोड बोलून राहू" ला माझी साफ ना.

पुढे ती तिथे रुळली. चहा लंडनला आधीच ठाऊक होता, पण दरबारी बायकांत त्याची चाल पडली ती तिच्यामुळे, असं मानतात. मूल झालं नाही. १६७८ मध्ये राजाला विष देण्याच्या कटाचा खोटा आळ आला, तेव्हा मात्र चार्ल्स तिच्या पाठीशी उभा राहिला. तिला सोड म्हणणारे कमी नव्हते, त्याने सोडलं नाही. हे वाचून "बघ, नवरा शेवटी सुधारतो" असं मनात आणू नकोस. त्याचं बाहेरचं चालूच होतं.

१६८५ मध्ये तो वारला. १६९३ मध्ये ती माहेरी, लिस्बनला पोचली, तिथून निघाल्यानंतर तीस वर्षांनी. तिथे भावाच्या वतीने तिने राज्यकारभार पाहिला, तोही युद्धाच्या दिवसांत, आणि चांगला पाहिला. जिला इंग्लंडात तीस वर्षं कोणी काही विचारलं नाही, ती ही बाई. परत येणं म्हणजे हरणं का, हे तूच ठरव.

आता तुझं. काकासाहेबांना चहा पाज, पण निरोप त्यांच्यामार्फत धाडू नकोस. नवऱ्याला एकटं गाठ आणि एवढंच विचार: तिचं नाव तू परत लिहिलंस, ते तुला तिच्यासाठी हवं होतं की मला गप्प करण्यासाठी? ती हॉटेल सांभाळते, सांभाळू दे. रोजच्या जेवणाचं ताट हा वेगळा प्रश्न आहे आणि तेवढ्यावरच अडून बस. दहा गोष्टींवर अडलीस तर तुला हट्टी म्हणायला ते मोकळे. लग्नाआधी करत होतीस ते काम पुन्हा सुरू कर, पगार स्वतःच्या खात्यात घे. उत्तर देण्याऐवजी तो चिडला किंवा हसला, तर महिनाभर गिरगावात येऊन राहा, आणि येताना कोणाची परवानगी मागू नकोस.

आणि आईला आज रात्रीच फोन लाव. सगळे जेवायला बसले असताना, तिथूनच, नेहमीच्या आवाजात, मराठीत.

– मावशी