'बरं आहे' म्हणणाऱ्या रुग्णाची वेदना

प्रश्न : माझ्या सासूबाईंचा स्तनाचा कर्करोग हाडांत पसरला असून नाशिकमधील एका रुग्णालयात उपचार चालू आहेत. डॉक्टरांसमोर त्या 'बरं आहे' एवढेच म्हणतात, रात्री मात्र कण्हत असतात. गेल्या भेटीत अभिप्रायाच्या फॉर्मवर त्यांनी 'पूर्ण समाधानी' अशी खूण केली. मी मध्ये बोलावे का? आणि मॉर्फिनची सवय लागते का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : सासूबाईंची खूण खोटी मानू नका. डॉक्टर आपुलकीने विचारपूस करतात, परिचारिका हाकेला धावून येतात, याबद्दलचे ते समाधान आहे. वेदना आटोक्यात आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. तीव्र वेदना सोसत असतानाही उपचारांबद्दल समाधान नोंदवणारे कर्करुग्ण अनेक पाहण्यांत आढळले आहेत. कॅन्सर म्हटला की दुखणारच, असे काहींनी धरून चाललेले असते, तर दुखणे वाढल्याचे सांगितले की रोग वाढल्याचे निदान होईल, या धास्तीने काही जण गप्प राहतात. म्हणून अशा फॉर्मवरून औषधाची मात्रा ठरवणे मला गैर वाटते.

वेदनेची तीव्रता रक्ताच्या तपासणीत किंवा एक्स-रेत दिसत नाही. रुग्ण सांगेल तेच तिचे माप. 0 म्हणजे दुखणे नाही आणि 10 म्हणजे कल्पनेतले सर्वांत वाईट दुखणे, असे धरून त्यांना आकडा विचारा. आकडा जमत नसेल तर सोळा आण्यांपैकी किती आणे दुखते, असे विचारायलाही हरकत नाही. एका वहीत वेळ, जागा, आकडा, त्या दुखण्याने काय अडले आणि गोळीनंतर तासाभराने काय फरक पडला, हे लिहीत जा : 'रात्री 2, कंबर, 8, कूस वळवता येईना, गोळी घेतली, 3 वाजता 4.' आकडा त्यांचाच असावा, कारण घरच्यांचा अंदाज बरेचदा चुकतो. तुम्हाला दिसलेले कण्हणे वेगळे लिहा आणि 'रात्रीचं डॉक्टरांना सांगू ना?' असे त्यांना विचारून ती वही अवश्य पुढे ठेवा.

तीव्र कर्करोग-वेदनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 1986 पासून तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनची शिफारस केली आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतल्यास व्यसन लागण्याचा संभव कमी असतो. मॉर्फिनच्या साध्या (लगेच परिणाम करणाऱ्या) गोळ्या सहसा दर 4 तासांनी, दुखण्याची वाट न पाहता द्यायच्या असतात. बद्धकोष्ठता बहुतेकांना होते, म्हणून रेचक सुरुवातीपासूनच मागून घ्या. गोळ्या अचानक बंद करू नका, आणि फार गुंगी आली किंवा श्वास मंदावला तर लगेच रुग्णालय गाठा. हाडांच्या वेदनेवर रेडिएशनचाही चांगला उपयोग होतो, तेही विचारा.

पाठीत नवे दुखणे सुरू होऊन पायांतली ताकद कमी झाली, पाय बधिर झाले किंवा लघवी अडली, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. मणक्यातील मज्जारज्जूवर दाब आल्याची ती खूण असू शकते आणि त्यावर त्याच दिवशी उपचार व्हावे लागतात.