उंच उडीत खेळाडू बारवरून पाठ खाली करून का जातात?
कारण पाठीची कमान केली की गुरुत्वमध्य (म्हणजे शरीराचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं मानतात तो बिंदू) शरीराच्या बाहेर, पाठीखाली जाऊ शकतो, म्हणजे माणूस बारच्या वरून जातो पण त्याचा गुरुत्वमध्य बारच्या किंचित खालूनही जाऊ शकतो, फिजिक्समधली मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट ही! पाय जमिनीवरून सुटले की हवेत कितीही हातपाय मारा, गुरुत्वमध्याचा मार्ग काही बदलत नाही, मग हातात उरतो तो फक्त शरीराचा आकार. नीट बघा, कंबर बारच्या पार झाली की खेळाडू ती लगेच खाली सोडतात आणि त्यामुळे पाय वर येतात, इथे उशीर झाला की टाच लागून बार पडलाच. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या डिक फॉसबरीने याच स्टाईलने २.२४ मीटरवर गोल्ड घेतलं. फक्त जाड मॅटशिवाय ट्राय करू नका, मानेवर पडाल.